अकरा तक्रारी आणि अंजनाबाई

अंजनाबाईंविरुद्ध मी एकूण अकरा तक्रारी केल्या, आणि त्या अकराही त्यांनीच टपालात घातल्या. एकही गहाळ झाली नाही, एकीलाही दिवसाचा उशीर झाला नाही. चौथ्या तक्रारीच्या पाकिटावर मी रागाच्या भरात तालुका लिहायला विसरलो, तेव्हा त्यांनी मला रस्त्यातून परत बोलावले, दौत-टाक पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पत्ता पुरा लिहा, साहेब. नाही तं कागद फिरत राहीन, आन् तुमी त्याची बी तक्रार करान."

हे आरंभीच नमूद करणे भाग आहे. गेल्या महिन्यात बाई नागपूरला, मुलीच्या घरी वारल्या, आणि आमच्या ग्रामपंचायतीने श्रद्धांजलीचे दोन पानी पत्रक छापून वाटले. त्यात त्यांना 'मुक्या जिवांची माऊली' म्हटले आहे. माझी पहिली हरकत अशी, की त्या जिवांपैकी एकही मुका नव्हता. कोंडवाड्याची भिंत आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. या मुद्द्यावर मी शपथेवर साक्ष देईन. दुसरी हरकत अशी, की बाईंनी एकाही मांजराला 'पोटाशी धरले' नाही. तसे करताना त्यांना कोणी पाहिले असल्यास त्याने पुढे यावे. तिसरी हरकत पत्रकाखाली सह्या करणाऱ्या सभासदांविषयी आहे. त्यांच्यापैकी पाच जणांच्या घरात मांजर शिरले ते भूतदयेमुळे नव्हे, माझ्या नोटिशीमुळे. पंचायतीला मी या तिन्ही हरकती रजिस्टर पत्राने कळवल्या. उत्तर नाही. सबब, हा मजकूर.

मी भंडाऱ्याच्या दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर, सन पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास, गावी परतलो. आमचे गाव सानगडीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. एक तलाव, एक धानाची मिल, एक शाळा आणि एक पोस्ट. पोस्ट म्हणजे अंजनाबाईंच्या घराची पुढची खोली. आधी त्यांचे यजमान पोस्टमास्तर होते. ते गेल्यावर काम बाईंकडे आले. छप्पन साली वडिलांचे बोट धरून नागपूरला दीक्षेला जाऊन आलेल्या, आणि परत आल्याबरोबर शाळेत घातलेल्या पिढीतल्या त्या. सातवी फायनल झालेल्या. अक्षर असे, की आमच्या न्यायालयातल्या एकाही कारकुनाचे तसे नव्हते. हे मी त्यांना कधी सांगितले नाही, कारण त्या काळात आमच्यात वाद प्रलंबित होता.

बाई उंच, हाडकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलणे मोजके. शिक्का मारण्याआधी तो दररोज एका कोऱ्या चिठोऱ्यावर उमटवून तारीख वाचीत, आणि मगच पहिल्या पाकिटाला हात लावीत. गावातल्या झाडून सगळ्या माणसांना त्या अरे-तुरे करीत. अपवाद दोन: एक मी, आणि दुसऱ्या मांजरी. मांजरींशी त्या खिडकीपुढे रांग लावलेल्या गिऱ्हाइकांशी बोलावे तसे बोलत. "सरका जी." "एक एक या जी." "तुमचं झालं ना? मंग आता दुसऱ्यायले येऊ द्या." आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की मांजरी सरकत असत. आमच्या ग्रामसभेत माणसे सरकत नाहीत.

दुःखाने भारावून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एकदा एक म्हातारी पोस्टाच्या पायरीवर बसून रडू लागली, की मुलगा नागपूरला गेला आणि सहा महिने झाले तरी पत्र नाही. जमलेली माणसे हळहळली. बाईंनी खिडकीतून विचारले, "त्यानं नाही लिवलं. तू लिवलं का?"

"मले कुठं लिवता येते, माय?"

"मंग बोल. मी लिवतो. रडणं कागदावर येत नाही, कामाचं बोल."

पत्र त्यांनी लिहिले, आणि त्या म्हातारीच्या सांगण्यावरून मुलाला दिलेल्या शिव्यासुद्धा जशाच्या तशा लिहिल्या. आठव्या दिवशी मुलगा स्वतः आला.

आता कोंडवाडा. पोस्टाच्या मागे आणि माझ्या घराच्या उत्तरेला ग्रामपंचायतीचा कोंडवाडा होता: चार भिंती, कौलारू पडवी, एक लोखंडी फाटक. कोणाच्या शेतात शिरलेले जनावर आणून कोंडायचे, मालकाने दंड भरून सोडवून न्यायचे, हा त्याचा हेतू. पण आमच्या गावात मालक दंड भरण्याऐवजी कुलूप तोडीत, आणि पंचायत कुलूप बदलण्याऐवजी ठराव करी. शेवटी कोंडवाडा रिकामा पडला. एका सकाळी पोस्टाच्या पायरीवर कोणीतरी पोत्यात भरून मांजराची चार पिल्ले ठेवून गेले. बाईंनी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारले, "हे कोणाचं?" कोणाचेच नव्हते. त्यांनी एक जुनी वही काढली, "बेवारस, चार नग" अशी नोंद केली, आणि पोते कोंडवाड्यात नेऊन उघडले.

ही बातमी गावात पसरली, आणि गावाने आपल्या परंपरेला जागून नको असलेले प्रत्येक जनावर तिथे आणून टाकण्यास सुरुवात केली. बाईंच्या मदतीला दोन माणसे आली. एक रहमानभाई, मटणाचे दुकान चालवणारे. रोज सकाळी ते कातरणाचे पुडके आणून देत. दुसरे बकारामजी, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले ड्रेसर. जखमा धुणे, पट्टी बांधणे हे त्यांच्याकडे. पगार कोणालाच नाही, संस्था म्हणून नोंदणी नाही, घटना नाही, सभासद नाहीत. माझा पहिला आक्षेप नेमका हाच होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. कोंडवाड्याच्या कायद्यात 'गुरे' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. तीत हत्ती येतो. उंट येतो. घोडा, गाढव, डुक्कर, शेळीचे करडूसुद्धा येते. मांजर येत नाही. म्हणजे कोंडवाड्यात मांजर ठेवणे हा सरकारी जागेचा बेकायदेशीर वापर. हे मी बाईंना पोस्टाच्या खिडकीपाशी उभे राहून कलमवार समजावून सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकले. "म्हणजे हत्ती आला तं ठेवू शकतो मी?"

"कायद्याने, होय."

"आन् मांजर नाही."

"नाही."

त्यांनी माझ्या पाकिटाचे वजन केले. "तुमचा कागद जड हाये, साहेब. अजून एक तिकीट लागते."

पाच वर्षांत अकरा तक्रारी गेल्या. अकराव्या तक्रारीच्या शेवटी, आयुष्यभर न्यायालयात पाहिलेली माणसांची ढिलाई लक्षात घेऊन, मी एक कलम मुद्दाम घातले: 'अर्जदाराने पुढे दबावाने, मोहाने अथवा अन्य कोणत्याही कारणाने हा अर्ज मागे घेतल्यास तो मागे घेतला गेला असे समजू नये.' हे कलम लिहून झाल्यावर मला जे समाधान झाले, त्याची आठवण आजही मला छळते.

त्यानंतर माझ्या घरात उंदीर झाले. शेजारी धानाच्या कोठ्या, आणि माझ्या घरी तीस वर्षांचे कागद. त्यांनी कागद पसंत केले. तक्रार क्रमांक एक ते सातच्या स्थळप्रती त्यांनी पंधरा दिवसांत फस्त केल्या. मी पोस्टात गेलो आणि कडक शब्दांत सांगितले, की पुरावा नष्ट होत आहे.

"मंग एक मांजर घेऊन जा ना."

"ज्या जागेविरुद्ध मी फिर्याद केली आहे, तिथून मी लाभ घेऊ शकत नाही."

"मंग उंदरायले नोटीस द्या," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला पोस्टकार्ड दिले.

आठवी स्थळप्रत गेली त्या दिवशी मी कोंडवाड्याच्या फाटकाशी उभा राहिलो. बकारामजी एका बोक्याच्या कानाला औषध लावीत होते. मला पाहून त्यांनी हाक मारली, "बाई, जप्तीवाले आले!"

मांजर मिळणे सोपे असेल असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. बाईंनी वही उघडली आणि माझी उलटतपासणी सुरू केली. घरी कोण कोण? मी आणि माझी पत्नी. दूध येते का? येते. दार दिवसा उघडे असते का? असते. कुत्रा? नाही. मांजरीने ताटात तोंड घातले तर?

"मी त्याची नोंद घेईन."

"रागावता का?"

"रागावतो. पण लेखी."

त्यांनी वहीत लिहिले: 'राग – लेखी.' ती वही मी पुढे पाहिली आहे. नोंद तशीच आहे.

बाईंची पद्धत संपूर्ण टपालखात्याची होती. प्रत्येक जनावराला रजिस्टर क्रमांक. घरी गेल्यावर सात दिवसांची मुदत. सातव्या दिवशी, थैली रवाना झाल्यावर, बाई स्वतः पोच घ्यायला येत. पोच न मिळाल्यास 'घेण्यास नकार' असा शेरा, आणि जनावर परत. यात मला गैर काही दिसले नाही. उलट, गावात प्रथमच काहीतरी नियमाने चाललेले पाहून बरे वाटले. मी सहीसाठी हात पुढे केला.

"तुमची सही कायले?"

"पोच मी द्यायची ना?"

"तुमी कायले? पोच मांजरीनं द्यायची." आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून, अडाण्याला समजावून सांगावे तसे त्या म्हणाल्या, "घेणार ते हाये, साहेब. टपाल तुमी. ते तुमाले घेते का नाही, ते सातव्या दिवशी पाहू."

फाटकापाशी रहमानभाई हातातले पुडके खाली ठेवून हसले, ते बराच वेळ हसत राहिले. मी टपाल होतो. माझ्याबरोबर त्यांनी एक करड्या रंगाची, अर्धे शेपूट तुटलेली मांजर धाडली, आणि ती मला स्वीकारते की नाकारते हे ठरण्याची वाट पाहत मी माझ्याच घरात सात दिवस चोरासारखा वावरलो. तिचे नाव मी ठेवले नाही. नाव ठेवणे हा ताब्याचा पुरावा ठरतो, आणि माझी अकरावी तक्रार वर प्रलंबित होती.

सातव्या दिवशी बाई आल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. खाटेखाली वाकून पाहिले, बशीतले दूध पाहिले, आणि मग मांजर शोधली. ती माझ्या टेबलावर, उघड्या दिवाणी कायद्यावर, पोट वर करून झोपली होती. बाईंनी वहीत क्रमांकापुढे खूण केली.

"घेतलं तुमाले," त्या म्हणाल्या. "पत्ता बदलू नका आता."

मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. मी पत्नीला चहा टाकायला सांगितला, एवढेच. बाई एका कप चहाने आपले मत बदलतील असा संशय कोणाला येऊ नये म्हणून तो त्या प्याल्या नाहीत.

सुमारे सहा महिन्यांनी माझी अकरावी तक्रार मंजूर झाली.

तालुक्याहून हुकूम निघाला: कोंडवाड्यात गुरांव्यतिरिक्त असलेली सर्व जनावरे पंधरा दिवसांत हलवावी; सोळाव्या दिवशी अधिकारी येऊन तपासतील, आणि जी राहतील ती गावाच्या हद्दीबाहेर सोडली जातील. हद्दीबाहेर एका बाजूला तलाव आणि तिन्ही बाजूंना जंगल. 'सोडली जातील' याचा अर्थ सांगायला वकिलाची गरज नव्हती. कोंडवाड्यात त्या वेळी नऊ मांजरी आणि एक तीन पायांची कुत्री होती.

हुकूम रजिस्टर टपालाने आला, आणि तो बाईंच्याच नावे, त्यांच्याच घराच्या पत्त्यावर होता. त्या दिवशी मी तिकिटे घ्यायला गेलो होतो, म्हणून पुढचा प्रकार मी स्वतः पाहिला. थैली उघडली, पाकीट निघाले. बाईंनी त्यावरचे नाव वाचले, शिक्का मारला, वहीत चढवले, आणि तुळशीराम पोस्टमनच्या हातात दिले.

"बाई, तुमचंच हाये ना हे? घेऊन टाका."

"पोस्टात नाही घेता येत. पत्ता घरचा हाये. घरी आणून दे."

तुळशीरामने पिशवी खांद्याला लावली, पोस्टाच्या दारातून बाहेर पडला, घराला वळसा घातला आणि मागच्या दारी जाऊन कडी वाजवली. तोपर्यंत बाईंनी खिडकी बंद केली होती, मधल्या दारातून घरात गेल्या होत्या, पदराला हात पुसून मागचे दार उघडले होते. त्याने पाकीट दिले, त्यांनी सही केली. मग ती पोच घेऊन तो पुन्हा पुढच्या दारी आला, आणि बाईंनी खिडकी उघडून ती त्याच्याकडून जमा करून घेतली. पाकीट त्यांनी सुट्टी झाल्यावरच फोडले.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात उभा राहिलो. बाईंनी मला काहीही ऐकवले नाही. त्यांनी ऐकवले असते तर मी उत्तर दिले असते. मी त्यांच्यासमोर अर्ज मागे घेणारे पत्र लिहिले, त्यांनी ते धाडले, आणि सहा दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले: अर्जदाराच्या मूळ अर्जातील शेवटच्या कलमान्वये हा अर्ज मागे घेता येत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत माझे एकही कलम कोणी इतक्या काळजीपूर्वक वाचले नव्हते.

नऊ दिवस उरले. रहमानभाईंनी कुत्री आपल्या दुकानी नेली. "तिले तं नोकरीच लागली," बकारामजी म्हणाले. पण मांजरी कोणी नेईना. बाई घरोघरी जाऊन विचारत, लोक 'पाहू' म्हणत. आमच्या गावात 'पाहू' म्हणजे काय, हे ज्याने आमच्या ग्रामपंचायतीकडे गटाराचा अर्ज केला आहे त्याला ठाऊक आहे.

विनंती या साधनावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी घरी गेलो, दार लावले आणि सोळा नोटिसा लिहिल्या. 'आपल्या धानाच्या कोठीत वास्तव्य करणारे उंदीर आपली हद्द ओलांडून माझ्या घरात शिरतात व माझ्या दस्तऐवजांचा नाश करतात. सबब, ही नोटीस मिळताच आपण योग्य तो बंदोबस्त करावा. न केल्यास होणाऱ्या दाव्यास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल. बंदोबस्ताचे साधन कोंडवाड्यात उपलब्ध आहे.' सरपंचापासून मिलवाल्यापर्यंत, ज्यांच्या घरी कोठी होती त्या सर्वांना.

पाकिटे पाहून बाईंचा हात प्रथमच थांबला. "सोळा? एकाच दिवशी?"

"सोळा."

"सगळे गावातलेच?"

"सगळे."

त्यांनी एकेक पत्ता वाचला. आत काय आहे ते त्यांनी विचारले नाही. टपालाच्या आतल्याशी त्यांचा संबंध नसे. पण शेवटच्या पाकिटावर शिक्का त्यांनी इतक्या जोरात मारला, की टेबलावरचा तराजू हलला.

दुसऱ्या दिवशी सरपंच माझ्या अंगणात उभे. "शिरस्तेदार साहेब, हे काय लावलं? उंदराच्या आंगावर माहं नाव लिवलं हाये का?"

"त्याच्या पोटात तुमचे धान आहे. तपासणी हवी असल्यास तसा अर्ज करा."

"अजी, पण कोर्टात जाल का तुमी उंदरासाठी?"

"मी यापूर्वी त्याहून लहान गोष्टीसाठी गेलो आहे," मी सांगितले. ते खरे होते, आणि त्यांना ते ठाऊक होते.

माणसे नोटिसा हातात घेऊन कोंडवाड्याकडे निघाली. आता बाईंनी मिळेल त्याच्या हाती मांजर द्यावी की नाही? पण नाही. दिवस सात उरलेले, आणि बाई वही उघडून एकेकाची उलटतपासणी घेत होत्या. एकाला परत पाठवले, कारण त्याचे घर दिवसभर कुलूपबंद. मिलवाल्याला सांगितले, "तुह्या मिलच्या पट्ट्यात शेपूट गेली तं? आधी जाळी लाव." आणि सरपंचांना तर साफ नकार.

"काहून?" सरपंच ओरडले. "मले नोटीस आली, आन् मांजर देत नाही म्हणता?"

"मागच्या बाजाराच्या दिवशी तू कुत्र्याले लात मारली. मी पाहिलं."

"अजी बाई, तिकडं ते कोर्टात खेचून राहिले, इकडं तुमी देऊन नाही राहिल्या! माणसानं जावं कुठं?"

"घरच्यायले पाठव," बाई म्हणाल्या. सरपंचांच्या पत्नी आल्या, सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरे दिली, आणि एक पांढरी मांजर त्यांच्याबरोबर गेली. आज त्या पत्रकाखाली पहिली सही सरपंचांची आहे.

पंधराव्या दिवशी सकाळी कोंडवाड्यात एकच मांजर उरली. म्हातारी होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. उंदीर धरणे तिच्या आवाक्याबाहेरचे, त्यामुळे माझी नोटीस तिच्या बाबतीत लंगडी पडत होती. बाई पोस्टात शिक्के मारू लागल्या, की ती पडवीत उठून बसे आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून असे. तिला बाई स्वतः भरवीत. डब्याच्या झाकणात भात कालवून, झाकण जमिनीवर ठोकून. "मीच घेऊन जातो," बकारामजी म्हणाले, पण त्यांच्या घरी दोन कुत्री होती. माझी मांजर परक्या मांजरीला उंबरा ओलांडू देत नसे. मी प्रयत्न केला होता, खुणा हातावर होत्या.

"बाई, तुम्हीच का नाही नेत?" मी विचारले.

"मी नाही नेऊ शकत."

"कारण?"

"पोस्टमास्तरनं बेवारस टपाल आपल्या घरात ठेवू नये. नियम हाये. आज एक ठेवलं तं उद्या लोक म्हणतीन, बाई चांगलं चांगलं ठेवून घेते." त्या वहीकडे पाहत होत्या. "इतक्या वर्षात एक नाही ठेवलं मी. मनात नव्हतं असं नाही."

त्यांच्या तोंडून असे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याची जीप येणार होती. रहमानभाई फाटकाला टेकून उभे होते.

मी माझ्या परीने विचार केला, आणि मग मला तो मुद्दा दिसला. न्यायालयात असा मुद्दा दिसला, की मी उठून उभा राहत असे. मी उभाच होतो. तरी अधिक ताठ झालो.

"बाई, टपाल कोण?"

"म्हणजे?"

"मला मांजर देताना तुम्ही साक्षीदारांसमोर सांगितलेत, की टपाल माणूस, आणि घेणार मांजर. रहमानभाई, असे झाले की नाही?"

"बराबर! तुमीच टपाल होते," रहमानभाई म्हणाले.

"तर मग बेवारस टपाल पोस्टमास्तरने घरात ठेवू नये, हा नियम मांजरीला लागू होत नाही. ती टपाल नाहीच. ती घेणारी आहे. घेणाऱ्याने पोस्टमास्तरच्या घरी राहू नये, असा नियम असल्यास दाखवा. नसल्यास तुम्ही तिला पोचणे बाकी आहे, आणि आज पंधरावा दिवस आहे. टपाल अडवून ठेवणे हा गुन्हा आहे, बाई."

बाईंनी चष्मा काढला, दोरा नीट केला, पुन्हा घातला. नियमात त्या मनातल्या मनात काहीतरी शोधत होत्या, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होते. ते सापडले नाही.

"सात दिवसाची मुदत राहीन," शेवटी त्या म्हणाल्या.

"अर्थात."

"आन् पोच तुमी याल घ्यायले."

"चार वाजता."

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. कोंडवाडा झाडून ठेवलेला, रिकामा. "तक्रार कोणाची होती?" त्यांनी विचारले. मी हात वर केला. "समाधान झालं?" मी सांगितले, की माझे समाधान हा त्यांच्या अधिकारक्षेत्रातला विषय नाही.

सातव्या दिवशी चार वाजता मी बाईंच्या मागच्या दारी गेलो आणि कडी वाजवली. खाटेखाली वाकून पाहिले, झाकणातला भात पाहिला. आंधळी चुलीजवळ, बाईंच्या धुतलेल्या लुगड्यावर झोपली होती. बाई दाराशी उभ्या होत्या, हात एकमेकांत गुंतवून, निकालाची वाट पाहणाऱ्या पक्षकारासारख्या. मी वही मागून घेतली आणि क्रमांकापुढे स्वतःच्या हाताने खूण केली.

"घेतले तुम्हाला," मी म्हणालो.

त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला, आणि मी तो घेतला. दोघांपैकी कोणीही त्याचा उल्लेख पुढे केला नाही.

सन शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास मुलीच्या आग्रहावरून त्यांनी पोस्ट सोडले आणि तिच्याकडे राहायला निघाल्या. मी स्टँडवर गेलो तो एस.टी.च्या वेळापत्रकाबद्दल कंडक्टरला दोन शब्द सुनवायला. गाडी पाऊण तास उशिरा आली होती. बाई खिडकीपाशी बसल्या. मांडीवर बांबूची टोपली, झाकण उघडे, आणि आंधळीचे तोंड खिडकीच्या गजांकडे केलेले, वारा लागावा म्हणून. गाडी सुरू झाली, पण पुढे बैलगाडी आडवी असल्याने जागीच गुरगुरत राहिली. बाई मांजरीला बाहेरचे सांगत होत्या.

"तो तलाव हाये जी. पाणी कमी हाये औंदा. ती मिल. हा पिंपळाखाली रहमानभाई उभा हाये, दुकान टाकून आला." मग थोडे थांबून, "आन् हे शिरस्तेदार साहेब. हात हलवून राहिले तुमाले."

मी हात हलवत नव्हतो. माझे दोन्ही हात पाठीमागे होते, आणि सार्वजनिक जागी हात हलवण्याची मला सवय नाही. बाई पुढे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नव्हते. बैलगाडी बाजूला झाली, गाडी हलली. बाईंचे विधान खोटे ठरू नये म्हणून मला हात वर करावा लागला, आणि गाडी सानगडीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो खाली घेता आला नाही.